जेवायला बोलावतो आपण, पण जातो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं, की पुण्यात शिकायला, कामाला येणाऱ्या परदेशी लोकांना आपली खाद्यसंस्कृती दाखवली पाहिजे, त्यांना मिसळ, पुरणपोळी, अळूची भाजी खायला घातली पाहिजे वगैरे. पत्र चांगलं होतं, काही म्हणणं नाही. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की अहो घालतोच की आपण खायला, त्यात पुणेकर कुठे कमी पडतात (पडतात, पण तो वेगळा विषय), पण त्यांच्या हातचं आपण कधी खातो का? आता हे मी मोठ्या तोऱ्यात विचारतेय, पण डिसेंबरपर्यंत मी पण त्यातलीच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर तुम्ही कात्री चालवालच.

आम्ही मॉडेल कॉलनीत राहतो, सहा बिऱ्हाडांची जुनी सोसायटी, आमचा फ्लॅट सगळ्यात वर आणि त्याच्या डोक्यावर गच्चीतली एक खोली, ती पण आमचीच, छोटासा ओटा, सिंक, बाथरूम असं सगळं आहे. मुलगा जर्मनीला गेल्यापासून ती नुसती पडून होती, मग अय्यंगार योग संस्थेत शिकायला येतात त्या लोकांना द्यायला लागलो. संस्था आमच्याकडून चालत दहा मिनिटं. १९७५ पासून आहे ती, जगभरातून माणसं येतात, महिना-दोन महिने राहतात, सकाळी अंधारातच निघतात आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. चांगले भाडेकरू.

नोव्हेंबरच्या शेवटी एक चिनी मुलगी आली. मुलगी म्हणजे छत्तीस वर्षांची, पण आमच्या घरात पन्नाशीच्या आतल्या सगळ्या मुलीच. तिकडे हपै प्रांतात शिजियाझुआंग म्हणून मोठं शहर आहे (हे नाव मला पाठ व्हायला आठवडा लागला), तिथे योग शिकवते. अय्यंगार गुरुजी २०११ साली, वय ९२, चीनमध्ये ग्वांगझूला शिकवायला गेले होते ना, तेव्हा हिची शिक्षिका त्या वर्गात होती म्हणे, तिथून ही ओढ. परदेशी माणूस राहायला ठेवला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, तो आमच्या ह्यांनी भरला, आणि सोसायटीत बातमी पसरली. सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले, 'चिनी का? हं.' त्या 'हं' मध्ये सगळं आलं, कोरोना, गलवान, साप, वटवाघूळ, सगळं.

आमच्याकडे यायच्या आधी ती दहा दिवस दुसरीकडे राहिली होती. कुठे ते लिहीत नाही. तिथल्या करारात 'लाइट कुकिंग ओन्ली' आणि 'नो व्हिजिटर्स' असं होतं आणि लाइट कुकिंग म्हणजे किटली, एवढाच अर्थ होता मालकांचा. अंडं उकडलं तर वासावरून बोलणी. दहा दिवस तिने किटलीत शेवया भिजवून खाल्ल्या. भाडं मात्र लाइट नव्हतं.

मग आमच्याकडे आली आणि आम्ही सुरू झालो. खायला घालणे कार्यक्रम. सासूबाई त्र्याऐंशीच्या आहेत, माहेर वेंगुर्ल्याचं, त्यांना कुणी समोर बसून खाणारं मिळालं की वय दहा वर्षांनी कमी होतं. साबुदाण्याची खिचडी झाली, थालीपीठ झालं, सोलकढी, वालाची उसळ, पुरणपोळी, सगळं झालं. ती सगळं खायची, फोटो काढायची, घरी आईला पाठवायची. एक गोंधळ मात्र पहिला आठवडा चालला. चिनी भाषेत वडिलांच्या आईला 'नाईनाई' म्हणतात आणि तिने सासूबाईंना पहिल्या दिवसापासून नाईनाई म्हणायला सुरुवात केली. सासूबाई पोळी घेऊन तिच्या ताटाशी जाणार, ती प्रेमाने वर बघून 'नाईनाई!' म्हणणार आणि सासूबाई 'बरं, नको तर नको' म्हणून पोळी परत नेणार. पोरगी चार दिवस अर्धपोटी उठली असेल हो. शेवटी फोनमधल्या भाषांतराने उलगडा झाला तेव्हा आमचे हे एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

चहाचं मात्र पहिल्याच दिवशी जमलं. ती म्हणाली 'छा', सासूबाई म्हणाल्या 'च्या', संपला विषय. शब्द तिकडूनच आलाय आपल्याकडे. फक्त तिने त्यात दूध बघितल्यावर चेहरा असा केला की जणू आपण कॉफीत ताक घातलंय.

खोलीवर कधी डब्यातून काही पाठवलं की डबा परत यायचा तो कधी रिकामा नाही. एकदा दोन सफरचंदं, एकदा भाजलेले शेंगदाणे, एकदा नुसता एक कागदी पक्षी, त्या दिवशी बहुतेक खोलीत काही नसावं. सासूबाईंनी ते बरोबर टिपलं. 'रिकामा डबा नाही हो देत पोर, वळण आहे घरात,' असं म्हणाल्या. मी तोवर टिपलं नव्हतं, मला वाटलं मॅनर्स.

तर तीन आठवडे झाल्यावर ती एक दिवस खाली आली आणि तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली की रविवारी मी तुमच्यासाठी जेवण करू का, शेजाऱ्यांना पण बोलवा. आणि संपादक महाशय, आम्ही काय काय कारणं दिली! तू कशाला त्रास घेतेस. तू पाहुणी आहेस. तुझी खोली लहान आहे. रविवारी आमचं जरा हे आहे. आमच्या ह्यांना पित्त होतं. आईंना बाहेरचं चालत नाही (गच्चीतली खोली 'बाहेर' कधीपासून झाली?). खरं कारण कुणीच बोललं नाही, की ती काय घालेल कुणास ठाऊक. तिने ऐकून घेतलं, हसली, ओके ओके म्हणाली आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही डबा पाठवला आणि तो तिने घेतला नाही. भूक नाही म्हणाली.

त्याच रात्री मुलाचा फोन. जर्मनीत तो एका खोलीत राहतो आणि मजल्यावर सगळ्यांत एक किचन. म्हणाला, आई आज मी चौघांना पोहे करून घातले, एक जर्मन, एक तुर्की आणि दोघं पोलंडची, लिंबू पिळायला शिकवलं, वरून ओलं खोबरं नव्हतं म्हणून सुकं घातलं, सगळं संपलं आई, भांडं चाटूनपुसून. दोन वर्षांत तो इतका भडाभडा बोलला नव्हता. एरवी 'बरा आहे, जेवलो, ठेवतो.' मी फोन ठेवला आणि गच्चीत गेले. तिची लाइट चालू होती. म्हटलं, रविवारी किती वाजता?

तो रविवार होता २१ डिसेंबर. तो तिने मुद्दाम धरला होता हे नंतर कळलं. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, त्यांच्याकडे त्याला दोंगझ म्हणतात आणि उत्तर चीनमध्ये त्या दिवशी च्याओझ खायचेच असतात, म्हणजे सारण भरलेल्या, पाण्यात उकळलेल्या पुऱ्या, आपल्याकडे मोमो म्हणून जे मिळतं त्याची थोरली बहीण म्हणा. नाही खाल्ले तर थंडीने कान गळून पडतात असं तिकडे पोरांना सांगतात. त्यामागे एका जुन्या वैद्याची गोष्ट आहे, हान राजवटीतला झांग झोंगजिंग, त्याने म्हणे गारठून कान फुटलेल्या गरिबांना मटण आणि औषधं कणकेत कानाच्या आकारात भरून खायला घातली. दंतकथाच, पण ती हे सांगत असताना सासूबाई कानाला मफलर गुंडाळून बसल्या होत्या आणि त्यांनी तो आणखी घट्ट केला.

शनिवारी मी तिला मंडईत नेलं. तिला हवा होता तो लांबट चिनी कोबी काही मिळाला नाही, आपला गड्डा कोबीच घेतला. त्यांची लसणासारख्या वासाची एक पात असते ती पण नाही, मग कांद्याची पात. टोफू आणि काळा सोया सॉस कॅम्पात दोराबजीमध्ये मिळाला. काचेसारख्या दिसणाऱ्या मुगाच्या शेवया नव्हत्या म्हणून तांदळाच्या शेवया. पीठ कुठलं म्हणाली तर मैदा! घरात मैदा म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा पडला, त्यांचं ते साखर-मैदा-मीठ विषासमान चालू आहे सध्या. ती म्हणाली आम्ही लोक गहूच खातो, भात कमी, भात दक्षिणेकडचे खातात. हे मला नवीनच. मी समजत होते सगळा चीन भातावर जगतो. म्हणजे त्यांच्याकडे पण भातवाले आणि पोळीवाले आहेत, आणि दोघं एकमेकांना नावं ठेवतात का विचारलं तर हो म्हणाली, फार.

जाता जाता एक. येताना तिला भूक लागली म्हणून मी हौसेने एका गाडीवर गोबी मंचुरियन खायला घातलं, म्हटलं बघ तुमचं चायनीज. तिने खाल्लं, आवडलं पण, आणि अगदी मनापासून विचारलं, हे भारतातल्या कुठल्या राज्यातलं? मी काय सांगणार. मंचुरियन मुंबईचं आहे, १९७५ साली नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं सांगतात, कलकत्त्याच्या चिनी घरातला माणूस. २०२० मध्ये गलवाननंतर एका केंद्रीय मंत्र्यांनी चायनीज खाण्यावर बहिष्कार घाला म्हटलं होतं, आठवतं का? म्हणजे बहिष्कार पडला असता तो मुंबईच्या पदार्थावर आणि गाडीवाल्या नेपाळी पोरांच्या पोटावर. अजिनोमोटोचंही तसंच, आपण त्यावरून चायनीजला शिव्या देतो, पण तो शोध जपानी माणसाचा, इकेदा नावाच्या प्रोफेसरांचा, १९०८ सालचा. अर्थात तिच्या सामानात एक छोटी पुडी होती त्याची, आई घालते म्हणाली, पण तुम्हाला नको असेल तर नाही घालत. नाही घातली.

रविवारी दुपारी चारला तिच्या खोलीत आम्ही सगळ्या बायका. तळमजल्यावरच्या काकू पण आल्या, त्या अंडं पण खात नाहीत, त्यांना तिने आधीच सांगितलं होतं की एक सारण पूर्ण तुमचं, चमचा पण वेगळा, कढई पण वेगळी. मला तर वाटलं होतं काकू येणारच नाहीत. आल्या, आणि पहिला अर्धा तास नुसत्या चमचा वेगळाच आहे ना हे बघत होत्या.

कोबी तिने बारीक चिरून मीठ लावून ठेवला आणि मग कापडात घालून असा पिळला, असा पिळला की वाटीभर पाणी निघालं. काकूंच्या सारणात कोबी, गाजर, टोफू, शेवया आणि घरून आणलेल्या सुक्या अळंब्या भिजवून. दुसऱ्यात अंड्याची कोरडी भुर्जी आणि कांद्याची पात. डुकराचं मांस तिने आपणहून टाळलं, आणि ते टाळलंय हेही सांगितलं नाही, मीच विचारलं तेव्हा कळलं.

मग तिने एक पुडी उघडली आणि तेलात पाच-सहा दाणे टाकले आणि सासूबाई खुर्चीतून उठल्या. शब्दशः उठल्या, गुडघे विसरून. 'अगो, ही तर तिरफळां!' पुडी हातात घेतली, दाणा फोडला, आतली काळी बी टाकून दिली आणि साल जिभेवर ठेवलं. ती मुलगी बघतच राहिली, कारण बी टाकायची असते हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. तिकडे ह्याला ह्वाज्याओ म्हणतात, तिरफळाचं सख्खं चुलत भावंड, झाडांच्या एकाच प्रजातीतलं, झँथोझायलम. जीभ तशीच बधिर होते, फक्त वास जरा लिंबाकडे झुकतो. आपण ज्याला शेजवान म्हणतो ना, ते मुळात सिचुआन, आणि तिकडच्या तिखटाचा जीव मिरचीइतकाच या दाण्यात असतो, मिरची तर बिचारी त्यांच्याकडे पण आणि आपल्याकडे पण सोळाव्या शतकात बोटीतून आलेली. आपल्या शेजवान चटणीत हा दाणा शोधून सापडणार नाही. सासूबाईंनी डब्यातून स्वतःची तिरफळं आणायला मला खाली पिटाळलं आणि मग दोघी ओट्यापाशी उभ्या राहून आळीपाळीने दाणे चावून जीभ बाहेर काढून एकमेकींना दाखवत होत्या. भाषा लागली नाही.

पाऱ्या लाटायची तिची पद्धत बघण्यासारखी. लाटणं वीतभर, मुठी नसलेलं, उजव्या हाताने लाटणं मागेपुढे आणि डाव्या हाताने पारी फिरवत राहायची, म्हणजे कडा पातळ आणि मध्ये जाड, सारणाचा भार तळाला सोसला पाहिजे म्हणून. आपण मोदकाच्या पारीचं हेच करतो की, पण बोटांनी. मग सारण भरून अर्धचंद्र दुमडायचा आणि एका बाजूला चुण्या घालत बंद करायचा. आम्ही सगळ्यांनी केल्या. माझ्या करंजीसारख्या झाल्या, काकूंच्या मोदकासारख्या झाल्या (त्यांना वरच आणायचं होतं टोक), आणि सासूबाईंनी एक पारी घेतली, दुमडली आणि कडेने मुरड घातली. मुरड म्हणजे कानवल्याची मुरड, दोरीचा पीळ असतो तशी, आता किती जणींना येते? मला येत नाही, तीस वर्षं बघतेय तरी नाही. ती मुलगी खाली वाकून सासूबाईंच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पुन्हा कर म्हणाली. पुन्हा. तिसऱ्यांदा तिने स्वतःचा अंगठा लावून बघितला आणि जमलं तिला, फुटलं नाही कुठे. सासूबाई माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

नव्वद झाल्या. पाटावर कापड घालून मांडल्या, इंडक्शनवर पातेल्यात पाणी उकळायला आलं, आणि लाइट गेली.

सगळ्या कॉलनीची. रविवार, संध्याकाळचे साडेसहा. पाणी निवायला लागलं आणि पाऱ्या खालून ओल्या होऊन कापडाला चिकटायला लागतील म्हणून तिचा जीव खालीवर. सासूबाई म्हणाल्या चला खाली, आपल्या गॅसवर. मोबाइलच्या उजेडात ताटंच्या ताटं जिन्यातून खाली नेली, सगळ्यात पुढे काकू, त्यांचं वेगळं ताट स्वतः धरून. सेक्रेटरींनी दार उघडून बघितलं, काय चाललंय विचारलं, मी म्हटलं या जेवायला. नको नको, म्हणाले, आमचं झालंय. साडेसहाला? असो, आले नाहीत, त्यांची मर्जी.

तर आमच्या स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या गॅससमोर, मेणबत्तीत, ती उभी राहिली आणि ताबा घेतला. पाणी उकळलं की च्याओझ सोडायचे, उलथन्याच्या पाठीने हलकेच ढकलायचे तळाला लागू नयेत म्हणून, पुन्हा खळखळलं की वाटीभर गार पाणी ओतायचं, पुन्हा उकळी, पुन्हा वाटी, असं तीनदा. तिसऱ्या उकळीला सगळे फुगून वर तरंगतात. काकू म्हणाल्या ही तर वरणफळंच झाली की, वरण काढून टाकलेली. दोन फुटले, ते आमच्या ह्यांना.

बाकीच्या भाज्या तिने दहा मिनिटांत उरकल्या. टोमॅटो आणि अंडं, म्हणजे आपली भुर्जीच पण ओलसर, किंचित साखर घातलेली, चीनमध्ये घरोघरी होते म्हणे आणि एकटी राहायला लागलेली पोरं पहिल्यांदा हीच शिकतात. काकडी चिरायची नाही, सुरीच्या पात्याने ठेचायची आणि वर लसूण, व्हिनेगर, तिळाचं तेल. खमंग काकडीत दाण्याचं कूट नसेल तर असं काहीतरी. बटाटा मात्र वादग्रस्त ठरला. काडेपेटीतल्या काडीसारखा बारीक चिरून, पाण्यात धुऊन, व्हिनेगर घालून दोन मिनिटं परतलेला, कुरकुरीतच ठेवायचा. आमचे हे हळूच मला मराठीत म्हणाले, कच्चा राहिलाय ग, सांग तिला. मी सांगितलं नाही. तो तसाच असतो.

चॉपस्टिक्स तिने काढल्या होत्या पण सासूबाईंनी हाताने खाल्लं आणि मग सगळ्यांनीच. च्याओझ व्हिनेगरमध्ये बुडवून खायचे, तिची काळ्या व्हिनेगरची बाटली संपली तर सासूबाईंनी चिंचेचा कोळ आणि गूळ कालवून दिला आणि ती म्हणाली हे चालेल, नंतर म्हणाली हे जास्त चांगलंय, ते मात्र मला खोटं वाटलं. शेवटी तिने पातेल्यातलं ते पीठूळ पाणी वाट्यांत ओतून प्रत्येकाला दिलं. ज्या पाण्यात शिजलं त्याच पाण्याने ते पचतं अशी त्यांच्याकडे म्हण आहे. पुरणाचा कट फेकून देणाऱ्या सुनेबद्दल सासूबाईंचं काय मत असतं ते मला माहितीये, त्यामुळे ह्या वाटीनंतर ती मुलगी त्यांच्या हिशोबात कुठे जाऊन बसली हे सांगायला नको. लाइट आली तेव्हा नव्वदमधले सात उरले होते.

हो, एक राहिलं. जेवताना आमच्या ह्यांनी सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं नाव काढलं, तिला काही कळेना. मग फोनवर फोटो दाखवला तर ती ओरडलीच, 'के दीहुआ!' १९३८ साली चीनला गेलेले डॉक्टर, १९४२ ला तिथेच वारले, त्यांची समाधी हिच्याच गावात आहे, शिजियाझुआंगला, शाळेतून फुलं वाहायला नेलं होतं तिला. लहानपणी ज्या माणसाला फुलं वाहिली तो इथून दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या गावचा, हे तिला पुण्यात येऊन महिना झाल्यावर कळलं, तेही जेवायला बसल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून तिचं चालणं बदललं. मी हे उगाच म्हणत नाहीये. आधी ती जिन्याच्या कडेने जायची, भिंतीला चिकटून, कुणी समोर आलं की थांबायची. त्यानंतर काकूंच्या दारावर टकटक करून कढीपत्ता मागून न्यायला लागली. तीन आठवडे आम्ही तिला इतकं खायला घातलं त्याने हे झालं नव्हतं. आपण वाढत राहतो, समोरचा घेत राहतो, आणि आपल्याला वाटतं आपण केवढे अगत्यशील, पण सतत घेणाऱ्या माणसाला त्या घरात उभं राहायला जागा कुठे असते? लग्न होऊन आलेल्या मुलीला पण पहिल्यांदा तिच्या हातचं गोड केल्यावरच घर आपलं वाटायला लागतं, आणि हे सगळं माहीत असून मी कारणं सांगत बसले होते, पित्ताची.

तेव्हा त्या पत्रलेखक काकांना माझं सांगणं की खायला जरूर घाला, पण नंतर त्यांच्याकडे जेवायला जा, त्यांनी बोलावलं तर पहिल्या वाक्याला हो म्हणा. आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या आम्हा मंडळींना एक विनंती, ते 'लाइट कुकिंग' आणि 'नो व्हिजिटर्स' करारातून काढा हो. गॅसची, आगीची काळजी असेल तर सरळ तसं लिहा, चिमणी लावून द्या, मांसमच्छी नको असेल तर ते पण तोंडावर सांगा, माणसं ऐकतात, ह्या मुलीने न सांगता ऐकलं. पण ओटा असलेली खोली द्यायची आणि त्यावर शिजवायचं नाही, शिजवलं तर कुणाला बोलवायचं नाही, ही कसली रीत? हे फक्त परदेशी लोकांचं नाही, लातूर-नांदेडहून अभ्यासाला आलेल्या पोरींच्या करारात पण हेच असतं. त्या पण कुणाला तरी आपल्या हातची भाकरी खायला घालायला टपलेल्या असतात आणि मेसचा डबा खातात.

संक्रांतीला ती होती. तिळगूळ घ्या गोड बोला म्हटल्यावर तिने सांगितलं की त्यांच्याकडे पण नव्या वर्षाच्या आधी चुलीच्या देवाला चिकट गोड वडी ठेवतात, तो वर जाऊन घरातल्या लोकांचे चुगली-रिपोर्ट देतो ना, तर दात चिकटून बसावेत किंवा निदान गोड तरी बोलावा. सासूबाईंना ही आयडिया भलतीच पटली, म्हणाल्या आपण नुसतेच एकमेकांना देतो, देवाला द्यायचं सुचलंच नाही.

जानेवारीअखेर ती गेली, नव्या वर्षाला, १७ फेब्रुवारीच्या आत, घरी पोचायचं होतं. विमान मुंबईहून, गाडी पहाटे चारला. आदल्या दिवशी सहज बोलता बोलता म्हणाली होती की आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याला च्याओझ देतात आणि पोचलेल्याला शेवया. मी ऐकलं आणि विसरले. रात्री अडीचला स्वयंपाकघरात खुडबुड, जाऊन बघते तर सासूबाई स्टुलावर बसून कानवले करतायत, खोबऱ्याचं सारण, प्रत्येकाला मुरड. आपल्याकडे गौरी निघताना नैवेद्याला मुरडीचे कानवले करतात ना, मुरडून परत ये म्हणून, ते. मी म्हटलं अहो आई मला उठवायचं, तर म्हणाल्या तुला मुरड येते कुठे.

तिने दोन कानवले दारात उभ्याने खाल्ले, बोट लावून मुरड मोजली, बाकीचे आम्ही डब्यात भरून दिले. 'नाईनाई' म्हणाली आणि सासूबाईंनी ह्या वेळी डबा मागे घेतला नाही. स्टीलचा आहे, झाकणावर आमच्या लग्नाची तारीख कोरलेली. तो काही अजून परत आलेला नाही, आणि सासूबाई दर दोन दिवसांनी मला विचारतात की रिकामा नाही ना येणार.

आपली,
एक वाचक, मॉडेल कॉलनी, पुणे